टाकळ्याची कॉफी

दोस्तांनो, कॉफीचे झाड तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? मी तरी नाही! आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती पार विदर्भात, चिखलदऱ्याला. आणि मी मास्तर फोंडाघाटचा. पण आमच्याकडेही एक कॉफी आहे बरं का, आणि ती चक्क रस्त्याच्या कडेला उगवते.

फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातले, घाटाच्या पायथ्याचे गाव. बाजारपेठ मागे टाकली की रस्ता वळणे घेत दाजीपूरला चढतो आणि पुढे राधानगरीवरून कोल्हापूरला जातो. वर गव्यांचे जंगल, खाली आम्ही. पहिला पाऊस पडला की रस्त्याच्या दोन्ही कडा टाकळ्याने भरतात. कोवळ्या पाल्याची आम्ही कांदा-खोबरे घालून भाजी करतो. उरलेला टाकळा दिवाळीनंतर वाळतो आणि त्याच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळू लागतात. याच बिया भाजून कॉफी करतात, असे शेजारच्या आजींनी सांगितले होते. मग काय, एका रविवारी वर्गातली दोन मुले घेऊन निघालो. तासाभरात पिशवी भरली. फुशारकीने आजींच्या अंगणात ओतली.

आजींनी सुपात हात फिरवला आणि थांबल्या.

"गुरुजी, ह्यो टाकळो नाय! ह्यो कासविंदो!"

दोन्ही झाडे शेजारी-शेजारी वाढतात, दोन्हींची फुले पिवळी. पण टाकळ्याच्या पानाला तीनच जोड्या पानोळ्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या जास्त, आणि टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. बी चकचकीत, दोन्ही टोकांना तिरपी कापल्यासारखी. कासविंद्याची शेंग चपटी नि बीसुद्धा चपटी. हे सगळे मी शाळेत शिकवायला हवे होते, आणि शिकलो आजींकडून!

पिशवी तशीच खड्ड्यात पुरली. "एवढ्याने काय होतंय?" असे मनात आले होते, खोटे कशाला बोलू? पण नंतर वाचले ते ऐका. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात पावसाळा सरला की लहान मुले अचानक आजारी पडत, बेशुद्ध होत, कित्येक दगावली. सगळ्यांना तो मेंदूज्वर वाटे. २००७ साली बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की बहुधा खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या बियांनी हे होत होते. वाचून माझे हातपाय गार पडले. माझ्याबरोबर दोन मुले होती ना! म्हणून जाणते माणूस बरोबर नसेल, तर या बियांच्या वाटेला जाऊ नका.

पुढच्या रविवारी आजीच पुढे, आम्ही मागे. त्यांनी एकेक शेंग बघून घेतली.

चुलीवर बिडाचा तवा ठेवला. जाळ मंद. आधी नुसता गवतासारखा वास. आजी उलथणे थांबू देईनात. थांबले की बी एका बाजूने जळते नि कॉफी कडू होते. मग तडतड सुरू झाली, दोन-चार बिया उडून माझ्या सदऱ्यावर आल्या. खऱ्या कॉफीची बीसुद्धा भाजताना अशीच तडकते म्हणे, सुमारे दोनशे अंश उष्णतेला. बिया गडद तपकिरी झाल्या आणि अंगणभर वास सुटला. अगदी कॉफीचाच! लगेच सुपात पसरून गार केल्या, नाहीतर आपल्याच उष्णतेने करपतात. मग पाट्यावर वाटल्या.

गूळ, दूध, चिमूटभर जायफळ. चव? कॉफीची धाकटी बहीण म्हणा. कॉफीतला झोप उडवणारा गुण मात्र हिच्यात नाही. जपान-कोरियातही टाकळ्याच्या भाजलेल्या बिया चहासारख्या उकळून पितात. आजींनी मोजून अर्धाच पेला दिला. मी आणखी मागितला तर म्हणाल्या, "उद्या शाळा हा मां? मग पुरे!" जास्त झाली की पोट धावते.

मुलांनी मात्र पेल्याच्या तळाची साय बोटाने पुसून खाल्ली.