ट्रॅपिस्टच्या ई ग्रहावर किती ऊन पडतं?

पडद्यावर ठिपक्यांची एक आडवी रांग होती. मध्येच ती जराशी खचली होती आणि तासाभराने पुन्हा वर आली होती. "हा ग्रह," अभ्यासवर्गाचे सर म्हणाले. मी डोळे ताणून बघत राहिले. गोल नाही, रंग नाही, समुद्राचं तर नावच नको. एका ताऱ्याचा प्रकाश शेकडा अर्ध्याने कमी झाला आणि दर सहा दिवसांनी तसाच कमी होतो, एवढंच त्या ठिपक्यांत होतं. यावरून तिथे पाणी असू शकेल असं म्हणायचं? कसं?

तो तारा म्हणजे ट्रॅपिस्ट-१. कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. गुरूपेक्षा थोडासाच मोठा, तांबूस, आणि इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. बेल्जियमच्या मिकाएल जिलाँ यांच्या गटाने चिलीतल्या ला सिला इथल्या अवघ्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने त्याच्यावर पाळत ठेवली आणि २०१६ मध्ये तीन ग्रह जाहीर केले. पुढच्या वर्षी, स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर, आकडा सातवर गेला. २०१६ च्या त्या कामात लडाखमधल्या हान्लेच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. हे ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

एवढा बारका तारा का निवडला, हे कळायला मला बराच वेळ लागला. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर दुरून बघणाऱ्याला सूर्याचा प्रकाश दहा हजारांत एक भागसुद्धा कमी झालेला दिसणार नाही. तारा लहान असला की तेवढाच ग्रह त्याचा मोठा भाग झाकतो. शिवाय ग्रह जवळून फिरतात, म्हणून फेऱ्या लवकर होतात. 'ई' नावाच्या ग्रहाचं वर्ष जेमतेम सहा दिवसांचं आहे. तो ताऱ्यापासून सुमारे ४४ लाख किलोमीटरवर आहे. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाखांवर.

इतक्या जवळचा ग्रह करपून गेला नसेल का? सरांनी उत्तर न देता गणित घातलं. मी वही उघडली. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटर. म्हणजे ई ३४ पट जवळ. अंतर कमी झालं की ऊन वर्गाच्या हिशेबाने वाढतं: ३४ गुणिले ३४, ११५६. पण तारा सूर्यापेक्षा सुमारे १८०० पट मंद. भागाकार केला, ०.६४ आलं. पृथ्वीला जेवढी ऊब मिळते, तिच्या जवळजवळ दोन-तृतीयांश! चाळीस प्रकाशवर्षांवरच्या जमिनीवर पडणारं ऊन माझ्या वहीत उतरलं होतं. मी ते गणित तीनदा तपासलं, शंका होती म्हणून नव्हे, पुन्हा करावंसं वाटलं म्हणून.

पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, एवढ्या उबेच्या अंतरांचा टापू म्हणजे जीवसृष्टीयोग्य पट्टा. ई, एफ आणि जी हे तिघे त्यात येतात. इथवर सगळं सरळ होतं. मग सरांनी विचारलं, "आपला चंद्र कुठे आहे?"

चंद्र सूर्यापासून सरासरी पृथ्वीइतक्याच अंतरावर. म्हणजे तोही पट्ट्यात! आणि तिथे दुपारी पारा शंभराच्या वर जातो, रात्री उणे शंभराच्याही खाली. त्याहून मोठा धक्का पृथ्वीचाच होता. नुसत्या उन्हाचा हिशेब केला तर आपल्या पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश निघतं. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे, कारण हवेतली बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडची चादर. ज्या एका ग्रहावर जीवसृष्टी आहे याची खात्री आहे, तोही केवळ अंतराच्या जोरावर तगलेला नाही. तेव्हापासून कुठे 'दुसरी पृथ्वी सापडली' असा मथळा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो: हवेचं काय?

ट्रॅपिस्टबाबत हा प्रश्न फार अवघड आहे. असे तारे तरुणपणी बराच काळ जास्त तापलेले असतात, पुढेही अधूनमधून भडकतात. जवळच्या ग्रहांची हवा त्यात उडून गेली असण्याची शक्यता आहे. बहुधा ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते, तीही हवा नसेल तर भाजून निघणारी. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सर्वांत आतल्या 'बी' ग्रहाच्या उजेडाच्या बाजूचं तापमान मोजलं: सुमारे २३० अंश सेल्सिअस. दाट हवा असती तर उष्णता दुसऱ्या बाजूला वाहून गेली असती आणि आकडा कमी आला असता. 'सी'वरही कार्बन डायऑक्साइडचं दाट आवरण आढळलं नाही.

उरला ई. त्याचा निकाल लागायचा आहे. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा जो उजेड त्याच्या हवेतून गाळून येईल, त्यात वायूंच्या खुणा शोधायच्या. पण ताऱ्यावर डाग आहेत आणि त्या डागांच्या खुणा यात मिसळतात. आता संशोधक बी आणि ई हे ताऱ्यासमोरून पाठोपाठ जातील अशा वेळा गाठून वेबने निरीक्षणं घेत आहेत. बीला हवा जवळजवळ नाहीच असं धरलं, तर त्याच्या वेळी दिसतील त्या खुणा ताऱ्याच्या. त्या ईच्या नोंदींतून वजा करायच्या आणि काही उरतं का ते बघायचं.