आईची दुसरी बोट

आमच्या घरात 'बोट लागली' हे शब्द दोन माणसे दोन अर्थांनी वापरीत. माझे वडील, कालकथित, गोदी कामगार होते. त्यांच्या तोंडी 'बोट लागली' म्हणजे मालाचे जहाज धक्क्याला आले, आता चार दिवस पाळी पक्की. आईच्या तोंडी 'बोट लागली' म्हणजे पोटात ढवळून उलट्या सुरू झाल्या.

आई लग्न होऊन रत्नागिरीहून मुंबईला आली ती किनाऱ्याच्या बोटीने. त्या काळी कोकणातल्या माणसाला मुंबई गाठायची तर बोटीसारखे सोयीचे दुसरे काही नव्हते, आणि पावसाळ्यात तेही बंद. बोट लांब पाण्यात उभी राहायची. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे आणि खलाशाने दंडाला धरून वर ओढून घ्यायचे. तिकीट खालच्या वर्गाचे. उघड्यावर वळकटी पसरायची, एका बाजूला आंब्याच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची डालगी. मुंबई येईपर्यंत आईने डोके वर केले नाही. पुढे आयुष्यभर समुद्राचे नाव काढले की ती तोंडाला पदर लावीत असे.

वडिलांची बोट वेगळी. तीस वर्षे ते बोटींच्या पोटात उतरले. गहू, खत, गंधक, जे येईल ते त्यांच्या टोळीने उपसले. गंधकाची बोट असली म्हणजे त्यांचे कपडे आई घराबाहेर वेगळ्या बादलीत भिजवी, कारण आत आणले की सगळ्यांचे डोळे चुरचुरत. एवढी वर्षे बोटीवर काढली, पण प्रवासी म्हणून एकदाही बोटीत बसले नाहीत.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरात माझ्या थोरल्या मुलाने मुंबई-गोवा क्रूझची तिकिटे काढली तेव्हा मला राग आला. मी महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. पगार हातात आला की आधी फी, मग औषधे, मग हप्ता, असे माझे आयुष्य गेले. तिघांचे मिळून साठ हजारांच्या आसपास, आणि ते कशासाठी? नुसते पाण्यावर दोन रात्री झोपायला! आपल्या घरांत पैसा कुठे घालायचा ते ठरलेले असते. शिक्षण, आजारपण, मुलामुलींचे मंगल परिणय, डोक्यावरचे छप्पर. सहल म्हणजे दीक्षाभूमी, नाहीतर एखादी लेणी, आणि फारच झाले तर बुद्धगया. मी मुलाला म्हटले, तिकिटे परत कर. तो काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "बाय, तुझ्या बाबांनी तीस वर्षं बोटी उपसल्या. माणसं बसतात ती बोट आतनं कशी असते, ते मला बघायचंय."

समुद्राचे नाव काढले की तोंडाला पदर लावणारी बाई असे म्हणते, तेव्हा पुढे वाद घालता येत नाही.

कोरोनानंतर, २०२१ सालापासून, मुंबईहून अशा सहली पुन्हा सुरू झाल्या. बोट सुटते बॅलार्ड पिअरहून. ओळखपत्रे तपासतात, सामानाला चिठ्ठी बांधून ते घेऊन जातात, फोटो काढतात आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देतात. खोलीचे कुलूप त्यानेच उघडते, चहापलीकडे काही मागवले तर पैसेही त्यावरच चढतात. बोटीवर रोकड चालत नाही. आईने ते कार्ड रुमालात गाठ मारून कमरेला खोचले आणि तीन दिवस दर वेळी गाठ सोडून काढले.

धक्क्यावर तिने एकच गोष्ट विचारली, "बाबासाहेब इथनंच गेले का?" १९१३ साली अमेरिकेला आणि १९३० च्या ऑक्टोबरात पहिल्या गोलमेज परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीनेच गेले, एवढे मी तिला सांगितले. तिने उभ्या उभ्या हात जोडले. मागची रांग थांबली, कुणीतरी चुटचुट केली. आम्ही घाई केली नाही.

आता बोटीविषयी. अकरा मजले, मध्ये लिफ्ट, पोहण्याचा तलाव, नाटकाचे थिएटर, जुगाराची खोली, दुकाने. आमची केबिन सर्वात स्वस्तातली, म्हणजे आतली, खिडकी नसलेली. दिवा घालवला की दिवस की रात्र ते कळत नाही. माझ्या मते तिघांना ती पुरेशी होती. वरची घडीची खाट मुलाला, खालच्या दोन आम्हाला. वडाळ्याच्या खोलीत आम्ही सातजण झोपत होतो, त्या मानाने तो महालच. पण ज्याला कोंडल्यासारखे होते त्याने चार पैसे जास्त देऊन खिडकी घ्यावी. आणि हिशोब करताना नुसत्या तिकिटाचा आकडा धरू नये. कर, बंदराचे शुल्क, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, गोव्यात उतरून फिरायचे असल्यास त्याचे वेगळे, इंटरनेटचे वेगळे. सगळे आधी कागदावर मागून घ्यावे.

बोट सुटण्याआधी सगळ्यांना एका जागी जमवून संकटाच्या वेळी काय करायचे ते दाखवतात. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जायचे, जीवरक्षक जाकीट असे बांधायचे. पुष्कळ लोक मोबाइलवर फोटो काढीत हसत होते. आई मात्र कान देऊन ऐकत होती. कोकणातल्या तिच्या वयाच्या माणसाला 'रामदास' बोट सांगावी लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आणि हे जुन्या काळचेच आहे असेही नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे मोठे क्रूझ जहाज खडकावर आदळून ३२ माणसे दगावली. त्यातल्या काही प्रवाशांना हे शिक्षण मिळालेलेच नव्हते. त्यानंतर नियम बदलला, आणि २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताच लगेच ही कवायत झालीच पाहिजे असे ठरले. तेव्हा हसणाऱ्यांनी हसावे, आपण जाकिटाचा पट्टा बांधून बघावा.

संध्याकाळी बोट हलली तेव्हा आम्ही वरच्या डेकवर होतो. उजव्या हाताला ताज आणि गेटवे, डाव्या हाताला घारापुरीचा डोंगर. कुलाब्याचा प्राँग्ज दीपस्तंभ मागे पडला तशी बोट जराशी झुलू लागली. मी आईकडे बघत होते. निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारून मी तिला उलटीवरची गोळी तासभर आधी दिली होती. रक्तदाबाची औषधे चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ही गोळी न विचारता देऊ नये, तिने झोप येते, तोलही जातो. बोट का लागते? कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. तो सांगतो आपण हलतो आहोत. डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. मेंदू या दोन साक्षींत गोंधळतो आणि पोट ढवळते. म्हणून केबिनमध्ये डोळे मिटून कण्हत पडण्यापेक्षा उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघावे, आणि बोटीच्या मधल्या, खालच्या भागात राहावे. शिवाय या मोठ्या बोटींना दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात, ते डुलणे कमी करतात. आईला बोट लागली नाही. रात्री तिने मासे-भात खाल्ला आणि "मीठ कमी" म्हणाली.

जेवणाचा प्रकार मात्र तिला रुचला नाही. हवे तेवढे घ्या म्हटले की माणसे ताटात डोंगर रचतात आणि अर्धा टाकून उठतात. एक टेबल आवरताना तिथल्या मुलाने चार ताटे भरून अन्न ओतले. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली बाई ती, तिला ते बघवेना. आमच्याच टेबलावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी गोडीने विचारपूस केली. गाव कुठले, राहता कुठे, मग आडनाव. आई म्हणाली, "आम्ही गोदीतले. या धक्क्यावर माझ्या मालकांनी तीस वर्षं काम केलं." बाईंना तेवढ्यात कुणीतरी ओळखीचे दिसले. साठ हजार मोजले तरी आडनावाचा प्रश्न समुद्रावर येतोच. आईने त्यांची रिकामी खुर्ची जराशी मागे सारली आणि पाय लांब करून बसली.

आमची केबिन झाडायला येणारा मुलगा भंडारा जिल्ह्यातला होता. पहिल्या सकाळी तो आला तेव्हा आईने अंथरुणे काढून, चादरीच्या घड्या करून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, "आजी, हे माझं काम आहे." आई म्हणाली, "मग तू बस थोडा." तो बसला नाही, बसायची परवानगी नसते. दुपारी आलो तो त्याने टॉवेलचा हत्ती करून आईच्या खाटेवर ठेवला होता. आईने तो मोडू दिला नाही. रात्री उशापाशी हत्ती ठेवून ती कडेला झोपली.

काम करता करता तो थोडे थोडे बोलला. या नोकरीआधी त्याने समुद्र पाहिला नव्हता. सात महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. सकाळी सहा ते दोन आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते रात्री उशिरापर्यंत. झोपायची जागा खाली, आम्ही कधीच न पाहिलेल्या मजल्यांवर, एकावर एक खाटा. पाठवलेल्या पैशात बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण चालले आहे. हे ऐकून मी काय बोलणार! मीही एका भावाच्या पगारावर नर्स झालेली.

आई प्रत्येक वेळी त्याला एकच विचारी, "झोपलास किती?" तिचा प्रश्न अडाणी नव्हता. सागरी श्रमाचा जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि भारताने २०१५ साली मान्य केला, त्यात नेमके हेच लिहिले आहे. बोटीवरच्या कामगाराला चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. त्या दहा तासांचे दोनच तुकडे करता येतात, आणि त्यातला एक तरी सलग सहा तासांचा हवा. आपल्या तरुणांपैकी ज्यांना बोटीवर जायचे आहे त्यांनी हे पाठ करावे. आणखी एक. नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणे या कराराप्रमाणे चालत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि खलाशाचे पुस्तक, ज्याला सीडीसी म्हणतात, एवढाच खर्च आपला. त्याच्या एका मित्राच्या बापाने शेत गहाण टाकून दलालाला पैसे दिले आणि बोट काही मिळाली नाही. एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी बघावे. परवाना नसेल तर चहासुद्धा पिऊ नये.

पहिल्या रात्री दीडच्या सुमारास आईने मला उठवले. "रत्नांग्री गेली का बघ." मुलाला झोपू दिले आणि आम्ही दोघी शाली गुंडाळून वर गेलो. वर गाणीबजावणी संपलेली, खुर्च्या दोरीने बांधलेल्या. मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे आपण कुठे आहोत हे सांगणारे कुणी नव्हते. किनाऱ्याच्या बाजूला काळोखात फार लांब दिव्यांची एक बारीक रेघ होती. तिच्या टोकाला एक उजेड लुकलुके आणि जाई, पुन्हा लुकलुके. रत्नदुर्गावर दीपस्तंभ आहे. तो तोच होता असे मी छातीठोक सांगणार नाही. आईने मात्र ठरवून टाकले. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "तेव्हा मी डोकं वर केलंच नव्हतं. हे असं दिसतं होय!"

गोवा दुसऱ्या दिवशी झाला. मुरगाव बंदरात उतरलो, गाडीने फिरलो, ऊन फार होते. गोव्यासाठी कुणी हा प्रवास करू नये, रेल्वे बरी.

परतीला बोट पहाटे मुंबईत शिरली. आई अंघोळ करून, नवे लुगडे नेसून सहालाच वर येऊन बसली होती. गोदीच्या शेड दिसू लागल्या तशी ती नातवाला दाखवू लागली, इथे पाळी लागायची, त्या दरवाजाने मी डबा घेऊन यायची, तिकडे संप झाला तेव्हा सगळे बसले होते. आता तिथे पूर्वीसारखी माणसे नाहीत. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, पेटाऱ्यांतून माल येऊ लागला आणि पोती उपसणाऱ्या टोळ्या संपल्या. नातू मन लावून ऐकत होता. आजोबांची बोट त्याने पहिल्यांदा वरून पाहिली.

उतरताना भंडाऱ्याचा मुलगा दारापाशी नव्हता, त्याला दुसऱ्या मजल्यावर पाठवले होते. आईने त्याच्यासाठी घरून आणलेला लाडवांचा डबा केबिनमधल्या हत्तीच्या पाठीवर ठेवला आणि माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतले: झोप पुरी घे.

आता तिने अंदमानचे काढले आहे. चेन्नईहून आणि कोलकात्याहून सरकारी बोटी पोर्ट ब्लेअरला जातात, त्या गावाचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. त्यांत बंक म्हणून साध्या वर्गाचे तिकीट असते, ते क्रूझच्या मानाने पुष्कळ स्वस्त. नाच नाही, तलाव नाही, तीन दिवस नुसते पाणी. मी आईला सगळे समजावून सांगितले. तिने विचारले, त्या बोटीवरही ते कार्ड कमरेला खोचावे लागते का?