रियालचा हिशेब

आमच्या धाराशिव जिल्ह्यात इंग्रजी विषय घेऊन एम.ए., बी.एड. झालेल्या मुलामुलींपुढे आज तीनच वाटा दिसतात. टीईटी आणि अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टलच्या भरतीची वाट पाहायची, नाहीतर तालुक्याच्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मिळेल त्या पगारावर लागायचे, नाहीतर परदेशी जायचे. पूर्वी आखाताची वाट ड्रायव्हर, मिस्त्री, वेल्डर यांची समजली जायची. आता त्या रांगेत शिक्षकही आहेत आणि त्यांत मुलीही आहेत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षे होत आली. माझे जुने विद्यार्थी फोन करून विचारतात, ‘टीचर, सौदीचं बघावं का? दुबईचं कसं आहे?’ एकेकाला सांगण्यापेक्षा आमच्या घरात जे पाहिले ते एकदा लिहूनच काढावे असे वाटले.

2024 च्या सुरुवातीला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी सौदी अरेबियातल्या एका शाळेची नोकरी चालून आली. बहीण नळदुर्गला असते. सोलापूर-हैदराबाद महामार्ग तिथूनच जातो, त्यामुळे हैदराबादचे एजंट आमच्या भागाला नवे नाहीत. भाची तेव्हा एका खासगी शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवत होती. महिना 7,000 रुपये हातात, सही मात्र त्याहून मोठ्या आकड्यावर. उन्हाळ्याच्या सुटीचा पगार नाही आणि नेमणूक पत्रही नाही.

एजंटाने सांगितलेला आकडा होता 3,000 रियाल. तेव्हा रियाल साधारण 22 रुपये होता. म्हणजे महिना 66,000! घरात ईद असल्यासारखे झाले. ज्यांनी वर्षभर विचारपूस केली नव्हती त्यांच्याकडून मुलीसाठी स्थळे सुचवली जाऊ लागली. एजंटाला द्यायचे होते दीड लाख, आणि त्यासाठी बहिणीने आपल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. भाची मला म्हणाली, ‘खाला, तुम्ही एकदा कागद बघा. माझं अब्बा ऐकणार नाहीत.’

कागद म्हणजे एकच पान होते. त्यावर शाळेचे नाव, पगाराचा आकडा आणि हजर होण्याची तारीख. बाकी सगळे तोंडी. मी माझ्या नणंदेच्या यजमानांना बोलावून घेतले. त्यांनी 2014 ते 2021 अशी सात वर्षे सौदीतल्या एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत इंग्रजी शिकवले आहे. त्यांनी आल्या आल्या विचारले, ‘पगार दहा महिन्यांचा की बारा?’ एजंटाला फोन लावला तेव्हा कळले, दहा महिन्यांचा. राहायची सोय? ‘होऊन जाईल.’ म्हणजे कागदावर नाही.

मग आम्ही वहीत हिशेब मांडला. दहा महिन्यांचे 30,000 रियाल बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 2,500. इतर शिक्षिकांबरोबर खोली घेतली तर भाड्याचे 600, जेवण, गाडी आणि मोबाइलचे 700. उरले 1,200 रियाल, म्हणजे 26,400 रुपये. 66,000 चे 26,400 झाले. तरीही ते 7,000 च्या पावणेचार पट आहेत, हे मान्य केले पाहिजे. आमच्या मुली मृगजळामागे धावतात असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही पाहावा. पण एजंटाचे दीड लाख फेडायलाच या बचतीचे जवळपास सहा महिने गेले असते.

आता या दीड लाखाविषयी. परदेशात नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपये घेता येतात आणि त्याची पावती द्यावी लागते. आमच्या एजंटाचे नाव त्या यादीत सापडले नाही. पावतीचे विचारल्यावर त्याचा आवाज चढला. बहिणीच्या यजमानांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकले, मला वेगळे काही सांगावे लागले नाही. बांगड्या परत हातात गेल्या.

नणंदेच्या यजमानांची सात वर्षे मात्र सगळ्यांनी समजून घेण्यासारखी आहेत. ते गेले तेव्हा पगार बरा होता. पुढे बायको आणि तिन्ही मुलांनाही नेले. जुलै 2017 पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल कर लावला आणि दरवर्षी त्यात शंभराची भर घालत 2020 मध्ये तो 400 वर नेला. चार माणसांचे पहिल्या वर्षी 4,800 रियाल झाले, 2020 च्या दराने ते 19,200 झाले असते. त्यांचा पगार होता 4,000. म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांची कमाई नुसत्या करात. 2018 ची वार्षिक परीक्षा संपताच माझी नणंद मुलांना घेऊन धाराशिवला आली. मोठा मुलगा तिथे सीबीएसईत शिकत होता, इथे त्याला मराठी वाचता येईना. त्याची ती दोन वर्षे फार अवघड गेली. अशी कितीतरी कुटुंबे तेव्हा परतली आणि तिथल्या भारतीय शाळांची मुले घटली. मुले घटली की शिक्षकांवर गदा येते, हे आपल्याकडच्या संचमान्यतेवरून आपल्याला ठाऊक आहेच.

2019 मध्ये त्यांचे वडील वारले. त्या काळी देशाबाहेर पडून परत येण्याच्या परवान्याला मालकाची संमती लागे. ती तिसऱ्या दिवशी मिळाली. आपल्याकडे मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. दफन त्याच संध्याकाळी झाले होते. ते कबरीवर जाऊन फातिहा पढून आले. त्या दिवसाविषयी ते अजूनही बोलत नाहीत. मार्च 2021 पासून सौदीने हा नियम बराच सैल केला आहे. ठरावीक अटींवर नोकरी बदलणे आणि देशाबाहेर जाऊन येणे आता मालकाच्या संमतीवाचून होऊ शकते. पण बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत रजा मागणाऱ्या शिक्षकाची अडचण कुठल्याही नियमाने सुटत नाही.

करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांमुळे त्यांचा पगार कापला गेला आणि 2021 मध्ये शाळेने त्यांना ‘राजीनामा लिहून द्या’ असे सांगितले. त्यांनी लिहून दिला. सौदी कायद्यात सेवासमाप्तीची रक्कम अशी मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, त्यानंतर दरवर्षी एका महिन्याचा. सात वर्षांचे साडेचार महिने झाले. नोकरी मालकाने संपवली असती तर 18,000 रियाल पूर्ण मिळाले असते. स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश आणि दहा वर्षांनंतर पूर्ण. त्यांना 12,000 मिळाले. चार ओळींच्या राजीनाम्याची किंमत 6,000 रियाल. त्याच कायद्यात स्त्रियांसाठी एक तरतूद आहे, जी आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. लग्नानंतर सहा महिन्यांच्या आत किंवा बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर ही रक्कम पूर्ण मिळते. अमिरातीत हिशेब निराळा आहे. तिथे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा पगार मिळतो, पण तो मूळ पगारावर. म्हणून मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे असलेला करार दिसायला सुंदर, शेवटी तोट्याचा. परदेशी शिक्षकाला तिथे पेन्शन नाही. ही रक्कम आणि आपली बचत, एवढीच पुंजी.

इंग्रजीच्या शिक्षकाला आणखी एक गोष्ट सोसावी लागते. आखातात ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, तिथे घर, विमानाचे तिकीट, मुलांची फी असे सगळे मिळते. पण जाहिरातीत बहुधा ‘इंग्रजी मातृभाषा असलेले’ हवे असतात, आणि मातृभाषा पासपोर्टच्या रंगावरून ठरते. चौदा वर्षे व्याकरण शिकवलेला आपला माणूस मागे राहतो. भारतीय शाळांचा पगार कमी, कारण तिथे फी भरणारे पालकही आपल्यासारखेच बेताच्या पगाराचे असतात. मात्र हे भिंतीसारखे कायमचे आहे असेही नाही. दक्षिण कोरिया इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन अशा सातच देशांच्या नागरिकांना देत असे. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारात शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांनाही सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट मिळाली. म्हणजे सरकारने मागितले तर दार उघडते.

ज्यांना जायचेच आहे त्यांनी आधी कागद नीट करावेत. आपल्याकडे एकाच मुलीच्या दहावीच्या प्रमाणपत्रात ‘शेख’ एका इंग्रजी स्पेलिंगने असते, पदवीवर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्या. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. अर्ज करण्याआधी हे जुळवून घ्या, लागल्यास राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या. पदवीचे साक्षांकन विद्यापीठ, राज्य शासन आणि परराष्ट्र मंत्रालय अशा पायऱ्यांनी होते. डिसेंबर 2022 पासून सौदीसाठी मंत्रालयाचा अपॉस्टिलचा शिक्का पुरतो, ओमान आणि बहारीनसाठी तो आधीपासून चालतो. अमिराती, कुवेत आणि कतारसाठी त्यांच्या दूतावासाची मोहोर लागते. आणि पर्यटनाच्या किंवा भेटीच्या व्हिसावर शिकवायला कधीही जाऊ नका. ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्यावर विसंबून उतरलेल्या माणसाचे तिथे कोणी ऐकत नाही.

भाचीने त्यानंतर एजंटाचा नाद सोडला. शाळांच्या स्वतःच्या जाहिराती पाहून थेट अर्ज केले. प्रत्येक शाळेला तिने तेच प्रश्न इंग्रजीत लिहून पाठवले: पगार किती महिन्यांचा, मूळ पगार किती, घर कोणाचे, आठवड्याला तास किती, इकामा आणि परवान्याचा खर्च कोण भरणार, वर्षाचे तिकीट आहे का, पासपोर्ट माझ्याकडेच राहील ना? दोन शाळांनी उत्तरच दिले नाही. एका शाळेने सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. पगार 2,800 रियाल, पण बारा महिन्यांचा, आणि शिक्षिकांच्या वसतिगृहात राहायची सोय. आकडा एजंटाच्या आकड्यापेक्षा लहान होता, पण वरचा खर्च 700 धरला तरी महिना 2,100 उरत होते, म्हणजे 46,000 रुपयांवर. एप्रिल 2025 मध्ये ती गेली. आठवड्याला तीसच्या वर तास आहेत, कोणी गैरहजर असेल तर त्याचाही वर्ग घ्यावा लागतो, वह्यांचे गठ्ठे खोलीवर न्यावे लागतात. फोनवर आवाज थकलेला असतो. पण करारात लिहिलेले तिला मिळते आहे, अल्हमदुलिल्लाह.

कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत नमाज-रोजाविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. साक्षीदार ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, इतके बारकावे त्यात आहेत. मजुराची मजुरी रखडवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण दर जलशात ऐकतो. मग मला विचारावेसे वाटते, की सौदीतल्या शाळेकडून आपण जो लेखी करार मागतो, तो आपल्याच भागातल्या, आपल्याच लोकांच्या संस्थांकडून का मागत नाही? शिक्षण सेवकाचे मानधनही जानेवारी 2023 पासून 6,000 चे 16,000, 8,000 चे 18,000 आणि 9,000 चे 20,000 झाले. सरकारला ते वाढवायला उशीर झाला, पण वाढवले. खासगी शाळेत मात्र इंग्रजीची शिक्षिका आजही 7,000 वर आहे. शाळेची नवी इमारत उभी राहते, गॅदरिंगला मंडप पडतो, आणि मे महिन्यात तिच्या घरी पगार येत नाही.

भाचीच्या जुन्या शाळेत तिच्या जागी आणखी एक मुलगी लागली आहे. तीही एम.ए., बी.एड. आहे. गेल्या महिन्यात तिचा मला फोन आला होता. परदेशाचे विचारत होती. मी तिला वरचे सगळे प्रश्न लिहून दिले आणि सांगितले, बाहेर अर्ज कर तेव्हा हे विचारच, पण आधी तुझ्या आत्ताच्या शाळेत नेमणूक पत्र माग आणि जेवढा पगार हातात मिळतो तेवढ्यावरच सही कर. संस्थाचालक वाचक असतील तर त्यांनाही माझी विनंती आहे. ती मागण्याआधीच द्या. चांगला शिक्षक गावात टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.