हालश्टाट : मिठावर उभं गाव

ऑस्ट्रियातलं हालश्टाट आज ओळखलं जातं ते तळ्याकाठच्या छायाचित्रांमुळे, आणि हा त्या गावावर अन्यायच आहे. मागे उभा कडा, पुढे खोल तळं, मधे घरांपुरती चिंचोळी पट्टी. शेतीला जागा नाही; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धड रस्ताही नव्हता, नावेनं नाहीतर पायवाटेनं जायचं. अशा ठिकाणी माणूस देखाव्यासाठी राहत नाही. तो राहिला डोंगराच्या पोटातल्या मिठासाठी. खाणीत सापडलेला लाकडी जिना वृक्षवलयांवरून इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला ठरला आहे. मिठानं तिथलं लाकूडच नव्हे, तर कामगारांचं कापड आणि चामडंही टिकवलं.

कुणी म्हणेल, इतकी आडबाजूची वस्ती जगापासून तुटलेलीच असणार. पुरावा नेमका उलट आहे. खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांनी १८४६ ते १८६३ या काळात सुमारे ९८० थडगी उकरली. त्यांत बाल्टिककडचा अंबर निघाला, हस्तिदंती मुठीची तलवार निघाली. मीठ बाहेर गेलं, म्हणून हे आत आलं. ‘मीठ ऑस्ट्रियातल्याच हालाइनजवळही होतं, मग हालश्टाटचंच कौतुक का?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. युरोपातल्या आद्य लोहयुगीन संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं, त्यात रामसाउअर यांच्या काटेकोर नोंदींचा वाटा मोठा, हे मान्यच करायला हवं. पण नोंदायला एवढं काही जमिनीत होतं, ते मिठाच्या श्रीमंतीमुळेच. त्या डोंगरातून मीठ आजही काढलं जातं.