खिडकी कोणत्या बाजूची?

गोंदियाच्या माणसाला विमान नवे नाही. विमानात बसणे नवे आहे. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आली आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालू लागली. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद प्रवासी सेवेचा प्रारंभ झाला. ती थांबल्यावर १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे एटीआर विमान हैदराबादमार्गे तिरुपतीला जाऊ लागले.

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात. नागपूरहून उडणाऱ्या मोठ्या विमानात मधल्या रांगांतील प्रवाशाला खिडकीचे पैसे मोजूनही पंखाचा पत्राच पाहावा लागतो. येथे ती भीती नाही. पंखे व चाके मात्र मध्यभागाच्या आसपास आडवी येतात, म्हणून मागील रांगा उत्तम. शिवाय प्रवासी चढतात तेही मागच्याच दाराने. हे विमान जेटपेक्षा कमी उंचीवरून व सावकाश जाते. घाई असलेल्याला हा दोष वाटेल, पाहणाऱ्याला नाही.

राहिला प्रश्न बाजूचा. हैदराबाद गोंदियाच्या नैर्ऋत्येला. त्या दिशेने सरळ रेष ओढली, तर नागझिऱ्याचे जंगल उजवीकडे आणि नवेगावबांध डावीकडे पडतो. पुढे वैनगंगा ओलांडावी लागते, तेलंगणात गोदावरी. सकाळी डावीकडे ऊन, दुपार कलल्यावर उजवीकडे. प्रत्यक्ष मार्ग त्या दिवशीचे हवामान व नियंत्रण कक्ष ठरवतात, तेव्हा हा हिशेब अंदाजाचाच. पण हिशेब मुळीच न करण्यापेक्षा बरा.

गोंदियातील एका कुटुंबात हा हिशेब फार बारकाईने झाला. पंचाहत्तरीच्या आजींना उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी हैदराबादला मुलाकडे जायचे होते. त्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हते. माहेर नवेगावबांधजवळचे, माहेरचे दुकान व शेत विकले गेल्यापासून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. नातवाने डावीकडची, मागची खिडकी निवडली: चांगला डोळा काचेच्या बाजूस येईल, तलावही त्याच अंगाला आणि दुपारच्या विमानामुळे ऊन पलीकडे. जागेचे वेगळे पैसे भरावे लागतात हे आजींना कळू दिले नाही. कळते तर त्या गेल्याच नसत्या.

विमान उठले तशी जमीन उलगडत गेली. धान कापून झालेल्या पिवळसर बांध्या, त्यांच्या मध्येमध्ये बोड्या आणि मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव रस्त्यावरून एकेकटे दिसतात. वरून पाहिले की एकाचे पाणी दुसऱ्याला कसे मिळत असेल, याची कल्पना येते. आजी काही बोलल्या नाहीत. दहा-बारा मिनिटांनी डोंगरांच्या कुशीतले मोठे पाणी दिसले, तेव्हा त्यांनी काचेवर बोट टेकवले आणि पाळीपासून मोजत ते थोडे खाली सरकवले. शेत तिथे होते.

परतीला बाजू उलटतात. नवेगावबांध उजवीकडे येतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली, त्याच संध्याकाळी आजींनी नातवाला तिकिटाबद्दल विचारले. खिडकी कोणत्या बाजूची हवी, हे त्यांनी स्वतःच सांगितले.