कण्याची फिल्म आणि मेंदूची

आत्याची कंबर वर्षानुवर्षं दुखत होती. तव्यावर ओवा-मीठ तापवून ती पुरचुंडीनं शेकायची. भिंतीला हात टेकून उठताना क्षणभर श्वास धरायची, मग पदर सावरत कामाला लागायची. एमआरआयच्या रिपोर्टात 'वयोमानानुसार झीज' एवढंच होतं. घरातले आधी हळहळले, मग ऐकून न ऐकल्यासारखं करू लागले, आणि शेवटी कुणीतरी 'मनाचे खेळ' म्हणून मोकळं झालं. खरं तर कण्याची फिल्म हा फारसा भरवशाचा साक्षीदार नव्हेच. ज्यांचं काहीही दुखत नाही अशा ऐंशीच्या घरातल्या माणसांतही जवळजवळ सगळ्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात.

शिकागोतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या वानिया अपकारियन यांच्या गटानं कंबर सोडून मेंदू पाहिला. २००४ मध्ये त्यांना जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांच्या मेंदूतलं करडं द्रव्य ५ ते ११ टक्क्यांनी कमी आढळलं. वय १० ते २० वर्षांनी वाढावं, तेवढी ती घट. त्याआधी, २००० साली, अपकारियन यांच्याच गटानं कपाळामागच्या भागातली रसायनं मोजली होती. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे चेतापेशी धडधाकट असल्याची खूण मानलं जाणारं रसायन, तेही तिथे कमीच भरलं. पुढे २०१५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागात ग्लिया, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी, चेतलेल्या दिसल्या.

मला सर्वांत हलवून गेलं ते २०१३ चं काम. कंबरदुखी नवी असते तेव्हा वेदनेची नोंद घेणारे भाग जागे असतात. ती वर्षभर मुरली, की हालचाल भावनांच्या जाळ्यात सरकते. 'म्हणजे मनाचंच ना?' असं आमच्याकडचे लगेच म्हणतील. मनाचंच म्हणा हवं तर, पण त्या मनालाही पेशी आहेत, रसायनं आहेत, आणि ती यंत्रावर मोजता येतात. शिवाय झालेली हानी कायमची असतेच असं नाही. मॉन्ट्रियलच्या अभ्यासात (२०११) उपचारांनी दुखणं उतरलं, तेव्हा कपाळामागची मेंदूची पातळ झालेली साल पुन्हा भरून आली.

हे वाचून आधी वाटलं, आत्याला हा पुरावा मिळायला हवा होता. आता तसं वाटत नाही. ही सगळी गटांची सरासरी आहे. त्यावरून समोरच्या एका माणसाला दुखतंय की नाही, हे सांगता येत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीनंही २०१७ मध्ये बजावलं, की मेंदूची चित्रं कोर्टात वेदनेचा खरेखोटेपणा ठरवायला वापरू नयेत. मला तर विम्याची कचेरीच दिसते: टेबलावर नवी फिल्म, तिच्यावर तसाच शेरा, 'नॉर्मल', आणि समोर श्वास धरून खुर्चीतून उठणारं कुणीतरी.