सारंगाच्या गावाला

मारेगावात वरात मोठ्या रस्त्याला लागली की बँडवाले ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ वाजवतातच. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्या काकांशी माझी बैठक. अँथनी हा खरा माणूस होता, हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग त्याचं गाव पाहून ये ना बाप्पा."

कापसाचा हंगाम उरकला आणि निघालो. करंजीवरून हिंगणघाट, वर्धा आणि तिथून मडगावची गाडी. "गोव्याले? इतक्या दूर कायले जाता जी?" कंडक्टरनं विचारलं. एका व्हायोलिनवाल्यासाठी, म्हटलं.

वऱ्हाडची काळी माती झोपेतच सरली. कोकणात उजाडलं तेव्हा बाहेर लाल माती होती आणि मनात राग तोडी. अँथनींनी व्हायोलिनसाठी तोडीत कन्चेर्तो लिहिला होता, सारंगातही एक रचना होती. सारंगाचं मला फार नवल वाटतं. पाश्चात्य हार्मनीचा पहिला धडा म्हणजे सा-ग-प एकदम वाजवणं, आणि वृंदावनी सारंगात गंधार वर्ज्य, धैवतही वर्ज्य. घराचा मुख्य खांबच काढून घ्यायचा आणि वर माडी चढवायची! आपला राग एका सुरातून दुसऱ्यात वाहत जातो. त्याला शंभर वाद्यांच्या कागदावर उतरवायचं, तेही रागाला धक्का न लावता, याला केवढं धाडस लागलं असेल.

मडगावात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी बसनं माजोर्ड्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, नेमकी सारंगाची वेळ. मै द देउसच्या पांढऱ्या चर्चसमोर बराच वेळ उभा राहिलो. 1927 मध्ये अँथनी याच गावात जन्मले, तेव्हा इथं पोर्तुगीज राज्य होतं. वडील चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरांबरोबर सुरांची लिपीही शिकवत, आणि त्या शिदोरीवर 1943 मध्ये अँथनी मुंबईला गेले, नौशादांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शिष्य.

1958 मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात 110 वादक बसले, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. त्या संध्याकाळी मी असायला हवा होतो, असं मला आजही मनापासून वाटतं. 1965 मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि पुढं परतून याच गावी राहिले. 2012 मध्ये गेले. त्याआधी, 1977 मध्ये, संगीतकार झालेल्या प्यारेलालनी गुरूचं नाव वरातीत वाजणाऱ्या त्या सिनेमाच्या गाण्यात घातलं. नाव देशभर झालं, पण पडद्यावर लोकांना चेहरा दिसला तो अमिताभचा.

चर्चच्या सावलीत बसून काकांना फोन लावला, ऐकलेलं, वाचलेलं सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते.

"मंग ती त्याची सारंग," ते म्हणाले, "आमच्या क्लॅरोनेटवर बसन का रे?"